मागचे पाटे : जुन्या मोटरहोमच्या एका वादाचा आढावा

वीस-तीस वर्षांपूर्वीची मोटरहोम बाजूने पाहिली की बहुधा तिचे नाक वर आणि शेपूट खाली दिसते. मागच्या पाट्यांची कमान गेलेली असते. ते सरळ झालेले असतात, काही गाड्यांत तर उलट वाकलेले. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी इथे अशा पुष्कळ गाड्या अजून रस्त्यावर आहेत. मागचे पाटे बदलून जास्त ताकदीचे बसवावेत का, आणि बसवायचे तर कोणते, हा वाद त्यांचे मालक, गॅरेजवाले आणि सुटे भाग विकणारे यांच्यात वर्षानुवर्षे चालू आहे.

प्रश्न सरळ वाटतो, उत्तरे मात्र पाच-सहा तऱ्हांची मिळतात. गंमत म्हणजे त्यांतली बहुतेक आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ती वेगवेगळ्या प्रश्नांची असतात. गाडी मागून बसली, गाडी डुलते, गाडी आपटते आणि गाडीवर वजन जास्त झाले, या चार निराळ्या तक्रारी आहेत. चारही तक्रारींवर ‘पाटे बदला’ हा एकच इलाज सुचवला जातो आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

ट्रकच्या चासीवर घर

मोटरहोम हे मुळात दोन कारखान्यांचे अपत्य आहे. चासी, इंजिन, ॲक्सल आणि पाटे एक कंपनी देते. वरचे घर दुसरी बांधते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॉजच्या चासीवर असे बांधकाम सुरू झाले. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कंपनीने १९६६ मध्ये मोटरहोम काढली आणि हे वाहन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. पुढे दोन मुख्य घराणी तयार झाली. एकात शेवरलेची पी-३० किंवा फोर्डची एफ-५३ ही नुसती चासी घेऊन तिच्यावर बसच्या आकाराचे घर चढवतात. दुसऱ्यात फोर्डच्या ई-३५० वा ई-४५० सारख्या व्हॅनची पुढची केबिन तशीच ठेवून मागे घर जोडतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिसरे एक छोटे घराणे निघाले, टोयोटाच्या पिकअपवर बांधलेल्या अठरा-वीस फुटी गाड्यांचे. त्याकडे पुढे वळू, कारण या वादातला सगळ्यांत बोलका दाखला तिथला आहे.

युरोपात चित्र वेगळे. तिथे १९८१ पासून फियाट डुकाटोचे राज्य आहे. प्यूजो आणि सिट्रोएन यांच्या नावांनीही इटलीतल्या आतेस्साच्या त्याच कारखान्यातून तिच्या बहिणी निघतात. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, मागे साधा दांड्याचा ॲक्सल आणि दोन्ही बाजूंना अवघा एक-एक पाटा, जड आवृत्तीत दोन. जर्मन आल-को कंपनीच्या चासीवर बांधलेल्या गाड्यांत मागे पाटेच नसतात, टॉर्शन बारचा ॲक्सल असतो. त्यांचे मालक या वादातून सुटले. अमेरिकेतही जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात मागे हवेच्या पिशव्यांवर तोललेली, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटरहोम काढली होती. तिचे चाहते आजही तिच्या चालीची तारीफ करताना थकत नाहीत. पण ती एकाच पिढीची ठरली. बाकी सगळ्या जुन्या गाड्या पाट्यांवरच उभ्या आहेत.

दोन कारखान्यांच्या या व्यवहारात एक मेख आहे. चासीवाला सांगतो, मागचा ॲक्सल इतके वजन पेलेल. घर बांधणारा त्यातले बहुतेक वजन लाकूड, काच, फ्रीज, शेगडी, जनरेटर आणि टाक्या यांतच संपवतो. मालाचा ट्रक निम्मे आयुष्य रिकामा धावतो, पाट्यांना उसंत मिळते. मोटरहोम कधीच रिकामी नसते. हिवाळाभर अंगणात उभी असली तरी कपाटे आणि फ्रीज तिच्या पाठीवरच असतात. कायम पूर्ण वाकलेल्या अवस्थेत वर्षे काढलेले पोलाद हळूहळू त्या अवस्थेलाच आपली मूळ अवस्था मानू लागते.

दुसरी मेख शेपटाची. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे घर तीन-तीन मीटर लोंबत असते. समजा, दोन ॲक्सलमधले अंतर ४ मीटर आहे आणि मागच्या टोकाला, ॲक्सलपासून ३ मीटरवर, १०० किलोची स्कूटर टांगली. मागच्या ॲक्सलवर १०० नव्हे, १७५ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे ७५ किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल लागते, वाऱ्याने गाडी भरकटते. चालक म्हणतो, मागचे पाटे गेले. जड पाटे घातले की शेपूट वर येते आणि गाडी दिसायला सपाट होते, पण ते ७५ किलो पुढे परत येत नाहीत. तराजू तीच संख्या दाखवतो. या वादात उंची आणि वजन यांची जितकी गल्लत होते तितकी दुसऱ्या कशाचीच होत नसावी.

बसलेले पाटे आणि मऊ पाटे

‘जुने झाले, मऊ पडले’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते. धातुशास्त्राला ते मान्य नाही. पाट्याचा कडकपणा पोलादाच्या लवचिकतेच्या गुणांकावर आणि मापांवर ठरतो. तो गुणांक वयानुसार घटत नाही. जाते ती कमान. एखादा पाटा तुटला असेल किंवा गंजून पातळ झाला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जुना पाटा नव्याइतकाच कडक असतो, फक्त खालच्या पातळीवरून काम करतो.

हा भेद पुस्तकी नाही, इलाज त्यावर ठरतो. गेलेली उंचीच हवी असेल तर मूळ मापाचे नवे पाटे किंवा पुन्हा दिलेली कमान पुरते. जास्त पाटे किंवा जाड पाटे घातले तर उंचीबरोबर कडकपणाही बदलतो, आणि तो किती बदलतो याचा अंदाज पुष्कळांना नसतो. पाट्यांची संख्या वाढली की कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो: चाराचे पाच केले तर पंचवीस टक्के. जाडी मात्र घनाने बोलते. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला की कडकपणा जवळपास दुप्पट होतो. भाराखाली १० सेंटिमीटर दबणारी गाडी सेकंदाला साधारण १.६ वेळा झुलते. कडकपणा दुप्पट करून तीच ५ सेंटिमीटर दबू लागली की हे झुलणे २.२ वर जाते. कागदावर हा फरक लहान दिसतो. प्रवासी गाड्या साधारण १ ते १.५ च्या आसपास ठेवतात हे लक्षात घेतले म्हणजे कपाटांची दारे का उघडतात ते कळते.

मग जड पाटे बसवूनही ‘गाडी आता मऊ चालते’ असे सांगणारे मालक भेटतात, ते काय खोटे बोलतात? नाही. पूर्ण बसलेली गाडी पाट्यांवर चालतच नसते. ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये शेवटचा धक्का झेलायला रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप. बसलेल्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला ॲक्सल त्या ठोकळ्यावर आदळतो. जड पाट्यांनी गाडी ठोकळ्यावरून उचलली की पाटे कडक असूनही चाल सुधारते. ज्याची गाडी आधीपासून ठोकळ्याच्या वर होती त्याला तेच पाटे हाडे खिळखिळी करणारे वाटतात. एकाच मालाबद्दल दोन टोकांच्या साक्षी मिळतात त्याचे कारण बहुतेक वेळा हे असते. डुकाटोच्या २००६ नंतरच्या पिढीत तर तो मागचा रबरी ठोकळा मुद्दामच भाराखाली पाट्याला हात देण्यासाठी बनवला आहे. तिथे ठोकळा टेकला म्हणजे पाटा गेला, असे म्हणता येत नाही.

घर्षणाचाही वाटा असतो. एकावर एक रचलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि थोडे शॉक ॲब्झॉर्बरचे काम करतात. गंज धरला की ते एकमेकांना चिकटतात. लहान खड्ड्याला पाटा हलतच नाही आणि सगळा हादरा घरात येतो. पाटे सुटे करून घासून, मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून किंवा ग्राफाइट लावून परत बांधले तर काही गाड्यांची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

कमान मारून घेणारे

सर्वांत जुना आणि स्वस्त मार्ग हा. पाटे काढायचे, दाबयंत्राखाली किंवा घणाने ठोकून पुन्हा कमान द्यायची. आपल्याकडे हायवेवरच्या पाटेवाल्यांनी ट्रकवाल्यांच्या पिढ्या यावर पोसल्या आहेत. अमेरिकेतही जड वाहनांची स्प्रिंग दुकाने हे काम करतात.

बाजू घेणारे म्हणतात, मूळ पोलाद चांगले आहे, कडकपणा गेलेला नाही, मग फेकायचे कशाला? जुन्या चासीचे पाटे आयते मिळत नाहीत तेव्हा तर दुसरा मार्गच नसतो. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा टिकाऊपणाचा आहे: थंड स्थितीत ठोकून आणलेली कमान पुन्हा लवकर उतरते आणि वर्षानुवर्षे थकलेल्या पोलादातल्या बारीक चिरा तशाच राहतात. एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. गॅसच्या ज्योतीने पाटा लाल करून वाकवायचा आणि तसाच थंड होऊ द्यायचा, हे काम नव्हे, नासाडी आहे. तापवले तर पुन्हा पाणी देणे आणि योग्य तापमानाला उतरवणे हे सगळे रीतसर व्हायला हवे. नाही तर ती जागा मऊ पडते किंवा ठिसूळ होते. थंड ठोकलेली कमान नेमकी किती टिकते, यावर मात्र दुकानागणिक मत बदलते.

नवे पाटे, पण कोणते

दुसऱ्या पक्षात पुन्हा दोन तट आहेत. एक तट मूळ मापाचे नवे पाटे घाला म्हणतो: कारखान्याच्या अभियंत्याने चासी, ब्रेक आणि शॉक यांचा मेळ त्या मापाशी घातला आहे, त्यात ढवळाढवळ नको. दुसरा तट म्हणतो, त्या अभियंत्याने चासीचा विचार केला, घराचा नव्हे. मूळ पाटे पहिल्या दिवसापासूनच शेवटच्या टोकाला काम करत होते, तेच परत घातले तर दहा वर्षांनी तेच परत होणार. म्हणून एक पाटा वाढवावा किंवा एक पायरी जड संच करून घ्यावा.

मला दुसऱ्या तटाच्या युक्तिवादात तथ्य दिसते, पण एका अटीवर: वजन आधी केलेले असले पाहिजे. अमेरिकेत ट्रकथांब्यांवरच्या कॅट स्केलसारख्या काट्यांवर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलता येतो. प्रत्येक चाकाचे वेगळे वजन करून देणाऱ्या सेवाही आहेत, आणि त्यांची गरज असते, कारण फ्रीज, शेगडी आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला आली की डावे-उजवे वजन शेकडो किलोंनी वेगळे निघू शकते. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो, आणि ती कुठल्या बाजूला आहे ते बांधणाऱ्याच्या नकाशावर अवलंबून. एका बाजूला कललेल्या गाडीला दोन्हीकडे सारखा जड पाटा घातला तर ती उंच होते आणि थोडी कललेलीच राहते.

कोणताही पाटा घातला तरी बसवण्याच्या काही गोष्टींवर वाद नाही. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुने वापरायचे नाहीत. एकदा ताणलेला बोल्ट परत तितका ताण धरत नाही. नवे बसवल्यावर काही शे किलोमीटर चालवून पुन्हा आवळायचे. पाटा नेमका सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर दोष पाट्याचा नसून सैल यू-बोल्टचा असण्याची शक्यता मोठी. घट्ट आवळलेल्या जागी पाटा वाकत नाही. पकड ढिली पडली की वाकण्याचा सगळा ताण भोकामुळे कमकुवत झालेल्या त्या जागेवर येतो. शॅकल, पिना आणि बुशही त्याच वेळी बदलावेत. थंड प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे पाट्यांची टोके चासीला धरणाऱ्या हँगरचे पत्रे आतून खाल्लेले निघतात, आणि तेव्हा पाट्यांचा खर्च हा खर्चातला धाकटा भाग ठरतो.

हवावाले आणि रबरवाले

तिसरा पक्ष पाट्यांना हातच लावत नाही. ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना रबरी हवेच्या पिशव्या बसवायच्या आणि वजनानुसार हवा भरायची. अमेरिकेत फायरस्टोन आणि एअर लिफ्ट, युरोपात डनलॉप आणि नेदरलँड्सची व्हीबी ही त्यातली परिचित नावे. अमेरिकी संचांत साधारण ५ ते १०० पौंड दाबाच्या मर्यादेत काम चालते. या मार्गाचे मोठे बलस्थान म्हणजे बदलता येणे. टाकी भरली, हवा वाढवा. डावी बाजू जड, डावीकडे जास्त भरा. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या हव्यात. एकाच नळीने जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी झुकते.

आक्षेप दोन. पहिला: पाटे भार दोन हँगरमध्ये वाटतात, पिशवी तो चासीच्या एका जागेवर देते. भार मोठा आणि चासी गंजलेली असेल तर त्या जागेला हे झेपेल का? दुसरा: बसलेले पाटे तसेच राहतात, पिशवी फुटली तर गाडी एकदम मूळ जागी कोसळते. पिशवीवाले उत्तर देतात की पिशवी मदतनीस आहे, मालक नव्हे. पाटे निरोगी असतील तरच बसवा. हे उत्तर प्रामाणिक आहे. पण गाडी बसल्यावर, म्हणजे पाटे निरोगी नसतानाच, लोक पिशवी घ्यायला जातात.

फुगवावे न लागणारे फेसाळ पॉलियुरेथेनचे किंवा रबराचे ठोकळे हा याचाच बिनहवेचा भाऊबंद. देखभाल शून्य, समायोजनही शून्य. काचतंतूंच्या पाट्यांचे नावही अधूनमधून निघते. शेवरलेच्या कॉर्वेट मोटारीत १९८१ पासून मागे तसा आडवा पाटा होता. जुन्या मोटरहोमच्या मालकासाठी तो मार्ग सध्या तरी कागदावरच आहे.

डुलणे हा निराळा रोग

चौथा पक्ष म्हणतो, तुमची तक्रार डुलण्याची असेल तर पाट्यांवर पैसे घालू नका. उंच, अरुंद घर वळणावर किंवा ट्रक शेजारून गेल्यावर झुकते ते रोखायला मागचा जाड अँटी-रोल बार आणि चांगले शॉक ॲब्झॉर्बर जास्त उपयोगी. ट्रक शेजारून जाताना शेपूट आडवे सरकत असेल तर तो दोष पाट्यांच्या आडव्या लवचिकतेचा. त्यावर ॲक्सल आणि चासी यांना आडवा जोडणारा पॅनहार्ड दांडा लागतो. ही मांडणी यांत्रिकदृष्ट्या पक्की आहे. तिच्यावर टीका एवढीच की प्रत्यक्षात तक्रारी सुट्या येत नाहीत. बसलेली गाडी डुलतेही आणि आपटतेही.

टोयोटाचा दाखला

सुरुवातीच्या टोयोटा मोटरहोमांत हलक्या पिकअपचाच मागचा ॲक्सल होता. वजन वाढल्यावर बांधणाऱ्यांनी त्याच ॲक्सलला बाहेरून एकेक चाक जोडून जोडचाके केली. दिसायला चार चाके, पण सगळा भार त्याच बारीक दांड्यावर, आणि बाहेरच्या चाकामुळे दांड्यावरचा वाकवणारा ताण उलट वाढला. दांडे तुटले, चाके निघून गेली. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा यंत्रणेने लक्ष घातले, गाड्या परत बोलावल्या गेल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर टोयोटाने एक टनी, फुल-फ्लोटिंग ॲक्सल दिला. त्यात गाडीचे वजन नळीवर असते, फिरणाऱ्या दांड्यावर नाही. आजही अशी गाडी घेणारा जाणकार आधी वाकून ॲक्सल कोणता आहे ते पाहतो, पाटे नंतर.

याच गाड्यांत दुसरी एक बारीक गोष्ट सापडते. चासीवर एक ब्रेकची झडप असते आणि तिच्यापासून मागच्या ॲक्सलपर्यंत एक सळई जाते. गाडी भाराने खाली बसली की सळई झडप उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी होऊन वर आली की दाब कमी होतो, म्हणजे हलकी मागची चाके ब्रेक लावताच जाम होऊ नयेत. आता जड पाटे घालून शेपूट पाच-सात सेंटिमीटर उचला. वजन तेच, पण झडपेला वाटते गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक सौम्य होतात आणि भरलेली मोटरहोम बहुतांशी पुढच्या ब्रेकवर थांबू लागते. सळई नव्या उंचीला जुळवून घेतली की प्रश्न सुटतो. काम अर्ध्या तासाचे. जुन्या डुकाटोतही अशी झडप असते. हवेच्या पिशव्या घालणाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे. पाटे बदलण्याच्या चर्चेत या सळईचा उल्लेख जितका व्हायला हवा तितका होत नाही, असे मला वाटते. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्यांत उंची वाढल्यावर प्रॉपेलर शाफ्टचा कोन आणि सांध्यांची थरथर हा आणखी एक मुद्दा. हेडलाइटची दिशा हा त्याहून किरकोळ.

पाटीवरचे वजन

नुसते पाटे दुप्पट केले तरी गाडीची कायदेशीर वजनमर्यादा वाढत नाही. यावर अभियंते, विक्रेते आणि पोलिस एकत्र आहेत; गैरसमज मालकांत उरला आहे. मर्यादा साखळीतल्या सर्वांत कच्च्या कडीने ठरते: टायर, रिम, बेअरिंग, ॲक्सलची नळी, ब्रेक, चासी. फोर्ड ई-४५० ची एकूण मर्यादा आधी १४,०५० पौंड म्हणजे सुमारे ६,३७० किलो होती, पुढे १४,५०० पौंड झाली. तिच्या एलटी २२५/७५ आर १६ मापाच्या टायरला जोडचाकात ८० पौंड हवेवर २,४७० पौंड, म्हणजे ११२० किलो झेपतात. चार टायरचे मिळून ४,४८० किलो. मागे कितीही जाड पाटे घाला, टायरचा हा आकडा हलत नाही.

देशोदेशी नियम वेगळे आणि वादाचा रंगही त्याप्रमाणे बदलतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा पास झालेल्यांना साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतच गाडी चालवता येते. तिथे अभियांत्रिकी तपासणी करून गाडीवरची वजनमर्यादेची पाटी रीतसर वरच्या वजनाची करून घेण्याची पद्धत आहे आणि मागे मदतनीस पिशव्या बसवणे ही पुष्कळदा त्यातली एक अट असते. मात्र पाटी वर गेली की परवाना अपुरा पडू शकतो. जर्मनीतही अशी वजनवाढ तपासणी संस्थेच्या दाखल्याने होते. अमेरिकेत उलट: दाराच्या चौकटीवरची पाटी उत्पादकाची असते आणि नंतर पाटे बदलून मालकाला ती बदलून मिळत नाही. त्यामुळे ब्रिटिश मालक पाट्यांकडे कागदोपत्री सवलतीचा दरवाजा म्हणून पाहतो, अमेरिकी मालक निव्वळ चालीसाठी.

भारतात हा प्रश्न अजून मोठा झालेला नाही, कारण जुन्या मोटरहोमच फारशा नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्या गाड्या वयात येतील तेव्हा हा वाद इथेही येईल, आणि तेव्हा मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येईल. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. मूळ मापाचा पाटा बदलणे ही दुरुस्ती. एक पायरी जड पाटा हा बदल आहे की दुरुस्ती, यावर पाटेवाला आणि परिवहन अधिकारी यांची उत्तरे एक असतीलच असे नाही.

जे सुटलेले नाही

पहिली अडचण पुराव्याची. ‘जड पाट्यांनी गाडी बदलली’ असे सांगणाऱ्याने बहुधा पाट्यांबरोबर बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि शॉक ॲब्झॉर्बरही बदललेले असतात, कधी टायरही. सुधारणा कशामुळे झाली ते वेगळे काढायचे तर एकेक भाग बदलून गाडी चालवावी लागेल. पदरच्या पैशाने असा प्रयोग कोण करणार? शिवाय नुकतेच हजार-दीड हजार डॉलर मोजलेला माणूस निष्पक्ष साक्षीदार नसतो. विक्रेत्यांचे आकडे भार पेलण्याचे असतात, त्या जुन्या चासीच्या आयुष्याचे नसतात. मूळ पाटे मऊ असल्याने जे धक्के गिळत होते ते कडक पाटे चासीला आणि घराच्या सांध्यांना देतात. ॲल्युमिनियमच्या छताच्या शिवणी त्यामुळे किती लवकर उकलतात, हा प्रश्न गॅरेजवाले उपस्थित करतात, पण उत्तर अनुभवाच्या गोष्टींपलीकडे जात नाही.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे आणि ती वाढतच जाणार. घरे बांधणाऱ्या कंपन्यांपैकी नॅशनल आर. व्ही. २००७ मध्ये आणि फ्लीटवुड २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. शेवरलेच्या पी-३० चा वारसा घेतलेली वर्कहॉर्स कंपनीही पुढे चासी बनवण्यातून बाहेर पडली. त्यांच्या गाड्या धावत आहेत. चासीच्या पाट्याचा भागक्रमांक शोधून काढता येतो, पण त्यावर अमुक घर चढवून, टाक्या भरून, ती गाडी नवी असताना मागे किती उंचीवर उभी होती, हा आकडा बहुतेक मॉडेलांचा कुठे छापलेलाच नाही. त्यामुळे ‘पूर्ववत करून द्या’ म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला किती सेंटिमीटर कमान द्यायची ते स्प्रिंगच्या दुकानातला माणूस टेप लावून, दोन पावले मागे सरकून, डोळ्यांनी ठरवतो.